पेनड्राइव्ह निघेना

कोरेगावात पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर माझा संगणकाचा क्लास आहे. खाली गिरणी सुरू झाली की वरचे कीबोर्ड थरथरतात. येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी सुरुवातीलाच सांगते, पेनड्राइव्ह उपटून काढायचा नाही. खाली कोपऱ्यातल्या चिन्हावर जायचं, काढायची परवानगी मागायची, ‘आता काढायला हरकत नाही’ असं आलं की मगच हात लावायचा. मुली माना डोलावतात आणि माझी पाठ वळली की उपटतात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून कुणाला ते खरं वाटत नाही.

माझ्या आक्काचं बिघडलं होतं.

आक्का माझी थोरली बहीण. तिला सांगलीत दिली होती, विश्रामबागेत. दाजींचं कुपवाडला लेथ मशीनचं वर्कशॉप. दुमजली घर, दारात गाडी, घरात दाजींची आई. मूल झालं नाही. दाजी तिला मारायचे. आधी हातानं, मग पट्ट्यानं, मग जे हाताला लागेल त्यानं. फोनवर ती म्हणायची, “पडले गं जिन्यात.” त्या घराला जिना एकच होता. इतक्यांदा कुणी पडतं का?

दोनदा ती कोरेगावला निघून आली आणि दोन्ही वेळा आमच्या आण्णांनी तिला परत नेऊन सोडली. आण्णा म्हणजे आमचे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणायचे, “सोसायला शिक जरा. आमी बर्फात उभं राहून काय कमी सोसलं?” आईला वाटायचं आण्णा बरोबर बोलतात. मला वाटायचं नाही, पण माझं कोण ऐकणार?

मग दाजींनी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. आपण कुपवाडला गेल्यावर घरात कोण येतं, बायको दारात किती वेळ उभी राहते, हे बघायला. त्याचं सगळं रेकॉर्डिंग वरच्या खोलीतल्या त्यांच्या संगणकात साठायचं. रात्री जेवण झालं की वर जाऊन ते दिवसभराचं चित्र पळवून बघायचे. त्या कॅमेऱ्यात त्यांचं मारणंही येत होतं. त्याची त्यांना फिकीर नव्हती, कारण बघणारे एकटे तेच होते.

आक्काला हे सुचायला बरेच दिवस लागले. सुचलं तेव्हा तिनं एका दुपारी स्वतःच पेनड्राइव्ह लावला, एक तुकडा उतरवला. तेवढ्यात खाली गेट वाजलं म्हणून तसाच उपटला आणि ब्लाउजमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी भाजीच्या निमित्तानं बाहेर पडून चौकीत गेली. तिथल्या संगणकाला लावला तर फाइल दिसायची, उघडायची नाही. शेवटी पेनड्राइव्ह कोरा करून घ्या, असं लिहून यायला लागलं. “ताई, यात तर काहीच नाही,” चौकीतल्या पोलिसानं सांगितलं. ती हात हलवत परत आली. ती चौकीत गेली होती हे कुणीतरी दाजींना सांगितलं. त्या संध्याकाळी जे झालं तेही कॅमेऱ्यात आलं.

मला तिनं शेजाऱ्यांच्या फोनवरून हे सांगितलं. रडली नाही. फक्त विचारलं, “तुला येतं न्हवं ते नीट काढायला?”

साताऱ्यातल्या एका वकीलबाईंना मी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, स्क्रीनचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ नको, तो खोटा आहे म्हणतील. तारीख-वेळेसकट मूळ फाइल आणा. म्हणून मी घेवड्याची पिशवी घेऊन एसटीनं सांगलीला गेले. माहेरचा घेवडा द्यायला धाकटी बहीण आली, त्यात कुणाला काय वाटायचं?

दाजी कुपवाडला होते. सासूबाई हॉलमध्ये बसल्या होत्या. मी पाया पडले, पिशवी दिली. आक्का म्हणाली, “वर कपडे इस्त्री करायचेत, चल, बोलत बसू.” सासूबाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि घेवड्याची शेंग मोडून बघितली.

वरच्या खोलीत एका भिंतीला संगणकाचं टेबल आणि दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं. आक्कानं इस्त्री तापत ठेवली, शर्ट पसरला. मी खुर्चीवर बसले. पासवर्ड तिला माहीत होता, दाजींच्या खांद्यावरून बघून पाठ केला होता. तारीख काढली, संध्याकाळ काढली आणि चित्र सुरू झालं.

त्याला आवाज नव्हता. मला वाटतं, आवाज असता तर मला इतकं लागलं नसतं. आक्का दाराशी उभी आहे, दाजी तिला काहीतरी विचारतात, ती मान हलवते. मग दाजी तिचे केस धरतात आणि डोकं भिंतीवर आपटतात. एकदा नाही. ती खाली बसते तेव्हा लाथ घालतात, आणि प्रत्येक लाथेला तिचं अंग फरशीवर थोडं सरकतं. कोपऱ्यात सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. आक्का सरकत त्यांच्यापर्यंत येते तशा त्या सूप उचलतात आणि पलीकडे ठेवतात, तांदूळ सांडू नये म्हणून. मग पुन्हा निवडायला लागतात.

मी मागे वळून बघितलं. आक्का शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होती.

“उतरव,” ती म्हणाली. “बगत बसू नगंस.”

तुकडा मोठा होता. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. भरल्यावर मी तो पेनड्राइव्हवरूनच उघडून बघितला, नीट चालतोय ना. चालत होता. बंद केला. खाली कोपऱ्यात गेले, काढायची परवानगी मागितली.

संगणकानं सांगितलं, हे साधन वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

क्लासमध्ये हे रोज होतं. मुली ओरडतात, “मॅडम, निघंना!” आणि मी जाऊन कुठली तरी उघडी राहिलेली खिडकी बंद करते. इथंही तसंच केलं. सगळ्या खिडक्या बंद केल्या, पुन्हा मागितलं. पुन्हा तेच. चालू प्रोग्रॅमच्या यादीत जाऊन बघितलं तर व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम वरून बंद होऊनही आत चालूच होता. तो तिथूनच बंद पाडला. पुन्हा तेच. आता एकच उरला होता, कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम. त्यानं पेनड्राइव्ह पकडून ठेवला होता, आणि बंद करायला गेलं की तो वेगळाच पासवर्ड मागत होता. तो आक्काला माहीत नव्हता. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता.

तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली.

“त्यांनीच फोन केला आसंल,” आक्का म्हणाली. सासूबाईंबद्दल बोलत होती. नंतर कळलं, खरंच त्यांनीच केला होता. दोघी वर संगणकाला बसल्यात, एवढंच सांगितलं होतं.

“उपटू का?” मी विचारलं.

“न्हाई.” तिनं दाराला कडी घातली. “एकदा उपटून बगितलं मी. तू तुजं काम कर.”

जिन्यावर पावलं आली. दाजींनी दार ढकललं, मग लाथ घातली. “उघड! काय करताय आत?” मी संगणक बंद करायला टाकला. पूर्ण बंद झाला की त्याला पेनड्राइव्ह सोडावाच लागतो, हे मला माहीत होतं. बटण दाबून धरलं असतं तर झटक्यात बंद झाला असता, पण तेही उपटण्यासारखंच. पडद्यावर आलं, एक प्रोग्रॅम अजून चालू आहे, तरीही बंद करायचं का? मी ‘तरीही बंद करा’वर दाबलं. निळ्या पडद्यावर गोल फिरायला लागलं.

कडी निघून आली. कडीबरोबर चौकटीचं लाकूडही आलं. दाजी आत शिरले, एका नजरेत त्यांनी टेबल बघितलं, दिवा बघितला, आणि त्यांचा हात सरळ पेनड्राइव्हकडे आला. मी खुर्चीसकट मध्ये सरकले. त्यांनी माझी वेणी धरून मला मागे ओढलं. खुर्ची पडली, मी पडले, आणि त्यांचं बूट घातलेलं पाऊल माझ्या हातावर आलं. बोटात काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

मग दाजी ओरडले. तसं ओरडणं मी माणसाचं ऐकलं नव्हतं. आक्कानं तापलेली इस्त्री त्यांच्या पुढे केलेल्या मनगटावर दाबली होती. मारली नव्हती, कपड्यावर दाबतात तशी दाबली होती. जळाल्याचा वास आला. त्यांनी दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा मारला, ती भिंतीवर गेली, इस्त्री हातात तशीच. पुन्हा पुढे आली. तिच्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं आणि ती एकच शब्द म्हणत होती, “ये. ये. ये.” लग्न झाल्यापासून तिनं कधी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता.

माझ्या पाठीमागे ही मारामारी चालू होती आणि मी गुडघ्यांवर बसून पडद्याकडे बघत होते. गोल फिरतच होतं. माझं माणूस मार खात होतं आणि मला वाट बघायची होती, दुसरं काही करायचं नव्हतं. आजवर इतकं अवघड काम मी केलेलं नाही. पडदा काळा झाला. पंखा थांबला. मी पेनड्राइव्ह काढला.

आणि तोंडात घातला. दुसरी जागा सुचली नाही.

दाजींनी ते बघितलं. आक्काला ढकलून ते माझ्यावर आले, एका हातानं माझा जबडा दाबला, दुसऱ्या, भाजलेल्या हाताची बोटं तोंडात घालायला लागले. “थुंक, रांडं, थुंक!” मी चावले. जितकं जोर लावून चावता येतं तितकं. त्यांनी माझं डोकं टेबलाच्या पायावर आपटलं आणि माझा पुढचा दात तुटला. दाराशी सासूबाई येऊन उभ्या होत्या. “मारू नगंस रं, परक्याची पोर हाय ती,” त्या म्हणत होत्या. परक्याची म्हणजे मी. आक्काचं नाव त्यांच्या तोंडी नव्हतं.

समोरच्या बाजूला गाद्यांचं दुकान होतं. तिथले चाचा आवाज ऐकून वर आले. साठीचे असतील, दाढी पांढरी, अंगावर कापूस चिकटलेला. आक्का त्यांनाही जिन्यातून पडल्याचंच सांगायची. हातात त्यांच्या कापड मोजायची लोखंडी पट्टी होती. त्यांनी ती दाजींच्या पाठीत घातली. दाजी वळून त्यांच्या छातीवर आले, दोघं जिन्याच्या तोंडापर्यंत गेले, चाचांचा चष्मा फुटला. पण त्यांनी शर्ट सोडला नाही. “आज मला मार,” ते म्हणाले, “रोज हिच्यावर काय मर्दानगी दाखवतो?” तोवर त्यांच्या दुकानातले कारागीर वर आले होते. दाजी खाली बसले. मनगट धरून रडायला लागले. ते रडणं बघून मला दया आली नाही, आणि आली नाही याचं मला तेव्हा नवलही वाटलं नाही.

चाचांनी आम्हाला गाद्यांच्या टेंपोत बसवून पोलिसांकडे नेलं. टेंपोत बसल्यावर मी तोंडातून पेनड्राइव्ह काढला. रक्तानं आणि लाळेनं भरलेला. चालेल का आता हा? मी पदरानं पुसला, सांध्यातलं ओलं फुंकून काढलं, आणि रस्ताभर मुठीत धरून वाळवला. आक्का खिडकीबाहेर बघत होती. एकदा फक्त म्हणाली, “इस्त्री बंद करायची ऱ्हायली.”

ठाण्यात एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी लावला. फाइल उघडली. आवाज नसलेलं ते सगळं पुन्हा सुरू झालं, आणि टेबलाभोवतीचे लोक एकेक करून जवळ आले. सूप बाजूला ठेवल्याचं आलं तेव्हा बाईंनी चित्र थांबवलं. “ही कोण?” त्यांनी विचारलं. “सासू,” आक्का म्हणाली. बाईंनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. दाजींनीही आमच्यावर उलटी तक्रार दिली, भाजल्याची. ती अजून चालू आहे. आक्कानं ती नाकारली नाही. “मी भाजलं,” तिनं लिहून दिलं, “आणि का भाजलं ते ह्यात हाय.”

आण्णांना आम्ही घरी आल्यावर कळलं. माझं बोट प्लास्टरमध्ये, आक्काचा चेहरा ओळखू येत नव्हता. ते म्हणाले, “दाखव.” मी नको म्हटलं. “दाखव म्हटलं न्हवं?” ठाण्यात मागून घेतलेली एक प्रत आमच्याकडे होती, ती मी टीव्हीला लावली. आण्णा ताठ बसून बघत होते. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.” परत लावलं. मग ते उठून परड्यात गेले आणि गोठ्याच्या भिंतीवर मुठी आपटायला लागले. जनावरं बिथरली. आई त्यांना ओढत होती आणि ते म्हणत होते, “मी नेऊन सोडली तिला. मी माझ्या हातानं नेऊन सोडली.” बोटांची कातडी सोलून निघाली तेव्हा थांबले.

पुढे दाजी जामिनावर सुटले आणि त्यांच्याकडून माणसं आली, समेट करायला. चुलते, एक मामा, त्यांच्या गावातले एक पुढारी. चहा झाला. पुढारी म्हणाले, “आवं हवालदार, नवरा-बायकूत हुतंच की थोडंफार. पोराला पस्तावा झालाय. पोरगी पाठवा, केस मागं घ्या.”

आण्णा उठले. टीव्हीजवळ गेले, पेनड्राइव्ह घातला. तो कसा लावायचा हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं, आणि बहुधा याच दिवसासाठी. चित्र सुरू झालं. मामा खाली बघायला लागले. पुढारी म्हणाले, “ह्याला आवाज न्हाई. आधी ती काय बोलली, काय म्हाईत?”

तेव्हा आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे. टीव्हीशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “मी सांगते काय बोलत हुते.” आणि सांगायला लागली. दाजींचा ओठ हलेल तसं. “चौकीत कुणाला भेटलीस. किती जणांबरोबर झोपलीस. तुजा बाप भिकारी. वांझोटी.” सगळ्या शिव्या, एकही न गाळता, आण्णांसमोर, आईसमोर, सपाट आवाजात, पाढे म्हणावेत तशी. केस धरले तिथं म्हणाली, “इथं काय बोलले न्हाईत.” सूप आलं तिथं म्हणाली, “इथं ह्या म्हणाल्या, तांदळात रक्त पडंल, लांब घे तिला.”

चुलते आधी उठले. मग मामा. पुढारी चपला शोधत राहिले. अंगणात गेल्यावरही त्यांचा चहाचा कप हातातच होता, तो आईनं जाऊन मागून घेतला.

आक्का आता साताऱ्याला राहते. एका दवाखान्यात दाराशीच्या टेबलावर बसते, नंबर देते, फोन घेते. त्या मारामारीत डाव्या कानाचा पडदा गेला, त्या बाजूनं तिला काही ऐकू येत नाही. माझा दात बसवून घेतला आहे, बोट मात्र पूर्ण मिटत नाही. टायपिंग शिकवते तेव्हा ते एकटं वर राहतं आणि मुली हळूच त्याची नक्कल करतात. केस सांगलीच्या कोर्टात चालू आहे, तारखा पडतात, आम्ही दोघी एसटीनं जातो, येताना विश्रामबागेत उतरून चाचांकडे चहा घेतो.

मागच्या तारखेला दाजी कोर्टाच्या व्हरांड्यातून आमच्या शेजारून गेले. तिच्या डाव्या अंगाला वाकून काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं, मी इथं लिहीत नाही. आक्का जागची वळली, उजवा कान पुढे केला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काय म्हणालास? मोठ्यानं बोल की.”

वकील थांबले, बाकावरची माणसं बघायला लागली. दाजींनी मनगटावरची बाही खाली ओढली आणि ते जिन्याकडे गेले. आमचा पुकारा व्हायला अजून वेळ होता. आक्कानं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी-भाकरी काढली, अर्धी मला दिली आणि आम्ही तिथंच बाकावर बसून खाल्ली.